माळरानाचं पहिलं वर्ष: नोंदी कशा घ्याव्यात, काय करावं, काय टाळावं

दौंड-बारामती-इंदापूरचा पट्टा, अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांतली मुरमाड पठारं, माण-खटावचे उतार हे सगळं पर्जन्यछायेतलं माळरान. वर्षाला साधारण ४०० ते ६०० मिमी पाऊस, वीतभर माती आणि तिच्याखाली मुरूम. अशा जमिनीवर गवत आणि मधूनच एखादी हिवर, बोर किंवा बाभूळ हेच निसर्गाने ठरवलेलं रूप आहे. सरकारी नकाशांत मात्र यातली बरीच जमीन 'पडीक' म्हणून रंगवलेली असते. मग तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावलं जातं, चर मारले जातात, आणि लांडगा, खोकड, तरस, चिंकारा आणि पखुर्ड्या (सँडग्राउज), भोवत्या (हॅरियर) या पक्ष्यांची जागा हिरवळीच्या नावाखाली जाते.

माळासाठी काही करावंसं वाटणाऱ्या नव्या माणसाला म्हणूनच एक आग्रह आहे: पहिलं वर्ष फक्त नोंदींचं ठेवा. झाड लावू नका, चर खणू नका, गवताचं बीही टाकू नका. आपल्या माळावर आज काय आहे हे कागदावर आल्याशिवाय काय बिघडलंय ते कळत नाही, आणि न बिघडलेलं दुरुस्त करायला गेलं की ते नक्की बिघडतं.

जागा आणि परवानगी

दोन माणसांना २०० ते ४०० हेक्टरांचा माळ पुरेसा आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौ. किमी आणि रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य २.१७ चौ. किमी, म्हणजे संरक्षित क्षेत्रं मुळातच लहान. लांडगे आणि खोकडं बव्हंशी गायरानात, वनखात्याच्या सुट्या तुकड्यांत आणि खासगी पडजमिनीत राहतात. अभ्यासाची खरी निकडही तिथेच आहे.

आधी सातबारा आणि गाव नकाशा मिळवून कोणता गट कोणाच्या ताब्यात आहे ते नकाशावर रंगवून घ्या. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला लेखी पत्र, खासगी असेल तर मालकाची संमती, वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे अर्ज. अभयारण्यात संशोधन करायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती मिळायला वेळ जातो, तेव्हा अर्ज हंगामाच्या बरंच आधी करा. परवानगीची प्रत खिशात असू द्या. पहाटे दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या माणसाला गावकरी शिकारी समजतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

धनगरांशी आधी बोला

माळ सर्वांत बारकाईने कोणाला ठाऊक असेल तर मेंढपाळांना. पण या भागातले पुष्कळ वाडे (मेंढपाळांचे फिरते तळ) दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे बोलणं ऑगस्ट-सप्टेंबरातच उरकून घ्या. 'इथे लांडगा आहे का?' असं विचारू नका. पाहुण्याला बरं वाटेल असंच उत्तर येईल. त्याऐवजी 'शेवटचं कोकरू कधी गेलं, दिवसा की रात्री, वाडा कुठे होता, कुत्री काय करत होती' असं विचारा. नावांचा घोळ टाळण्यासाठी लांडगा, कोल्हा, खोकड आणि तरस यांचे छापील फोटो जवळ ठेवा, कारण बऱ्याच गावांत खोकडालाही कोल्हाच म्हणतात.

जनावर मारलं गेल्याचं कळलं तर मेलेलं जनावर जागचं हलवू नका असं सांगा आणि वनखात्याला लगेच कळवायला मदत करा. १९२६ हा वनविभागाचा मदत क्रमांक आहे. पंचनामा झाला तरच नुकसानभरपाई मिळते, आणि ती मिळाली तर विषप्रयोगाचा विचार मागे पडतो. संशोधन म्हणून ही गोष्ट कुठे छापून येणार नाही, पण लांडग्याच्या दृष्टीने वर्षभरातलं हे तुमचं सर्वांत उपयोगी काम ठरू शकतं.

चालण्याच्या रेषा

नकाशावर प्रत्येकी २ किमीच्या तीन समांतर रेषा आखा, दोन रेषांत किमान ५०० मीटर अंतर ठेवून. पहिल्या रेषेची सुरुवात चिठ्ठी टाकून ठरवा आणि बाकीच्या तिच्यावरून मोजून घ्या. गाडीवाट सोयीची म्हणून तिच्यावरच रेषा आखली जाते, ही नेहमीची चूक. वाटेजवळ काही प्राणी कमी दिसतात, काही मुद्दाम वाटेनेच चालतात, आणि दोन्हींमुळे अंदाज फसतो.

सूर्योदयाला सुरुवात करून दोन तासांत संपवा. वेग ताशी एक-सव्वा किलोमीटर. दोघेच चला: एक बघणारा, एक लिहिणारा. ८×४२ ची दुर्बीण, होकायंत्र आणि शक्य असल्यास लेझरने अंतर मोजणारं उपकरण घ्या. चिंकारा दिसला की तीन गोष्टी लिहायच्या: रेषेची दिशा, प्राण्याची दिशा आणि तुमच्यापासूनचं थेट अंतर. समजा रेषा ४० अंशांवर आहे, चिंकारा ७० अंशांवर आणि अंतर १५० मीटर. कोनातला फरक ३० अंश, त्याचं साइन ०.५, म्हणून रेषेपासूनचं लंब अंतर ७५ मीटर. घनतेच्या, म्हणजे चौरस किलोमीटरमागे किती प्राणी याच्या, गणितात हेच लंब अंतर लागतं. कळप असेल तर कळपाच्या मध्यापर्यंत मोजा आणि संख्या वेगळी लिहा. प्राणी तुम्हाला पाहून पळाला तर तो पहिल्यांदा जिथे दिसला ती जागा धरायची, थांबला ती नव्हे.

अंतरं अंदाजाने लिहिली की वहीत ५०, १००, १५० याच आकड्यांचे ढीग दिसू लागतात. उपकरण नसेल तर आधी मोजलेल्या दोरीवर डोळ्यांना सराव द्या. एका जातीची घनता काढायला किमान ६० ते ८० दर्शनं हवीत असं मानतात. लहान माळावर ती एका वर्षात भरत नाहीत. तेव्हा दोन-तीन वर्षं त्याच रेषा त्याच पद्धतीने चाला, तोवर फक्त 'किलोमीटरमागे किती दिसले' एवढंच सांगा आणि घनतेचा आकडा देऊ नका.

गवत: इथे घाई नको

नवी माणसं प्राण्यांमागे धावतात आणि गवताला 'गवत' एवढंच म्हणून पुढे जातात. माळाची तब्येत गवतात कळते, म्हणून अर्धा वेळ इथे द्या.

योग्य महिना ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला असतो, गवताला तुरे आलेले असतात, आणि तुऱ्याशिवाय बहुतेक गवतं ओळखताच येत नाहीत. पीव्हीसी नळीची १ मीटर × १ मीटरची चौकट बनवा. एक बाजू उघडी ठेवली तर उंच गवतात ती आडवी सरकवता येते. त्याच २ किमीच्या रेषेवर दर १०० मीटरला थांबा, आणि आलटून-पालटून, एका थांब्यावर डावीकडे तर पुढच्यावर उजवीकडे, ५ मीटर आत जाऊन एक चौकट ठेवा. एका रेषेवर २० चौकटी होतात. चौकट हवेत भिरकावू नका. हात नकळत चांगल्या गवताकडेच फेकतो.

प्रत्येक चौकटीत गवताने झाकलेली जमीन किती टक्के, उघडा मुरूम किती, दगड किती, वाळका पाचोळा किती ते लिहा. मग जातवार वाटा. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी उंची मोजा, लेंड्या-शेण आहे का ते पाहा, आणि ज्या उंचीवर उभे आहात तिथून सरळ खाली कॅमेरा धरून एक फोटो घ्या. सुरुवातीच्या दहा चौकटींत दोघांनी टक्केवारी एकमेकांना न दाखवता लिहावी. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर पुन्हा एकत्र बसून नजर जुळवा. हे टाळलं तर पुढच्या वर्षीचा 'बदल' माळातला आहे की माणसांतला, हे सांगता येत नाही.

जाती ओळखताना सगळ्या एकदम शिकायला जाऊ नका. मारवेल आणि पवन्या ही बहुवार्षिक, गुरांना आवडणारी गवतं. ती ठोंब धरून उभी असतील तर माळ अजून धड आहे. अॅरिस्टिडाची खुरटी वार्षिक गवतं आणि उघडा मुरूम वाढलेला दिसला तर चराईचा ताण मोठा आहे. कुसळी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, आणि ती मात्र नीट पाहण्यासारखी आहे. पिकलेलं कुसळ घ्या: खाली टोकदार बी, त्याला मागे वळलेले ताठ केस, वर पीळ पडलेला काळपट लांब केस. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब टाका. काही क्षणांत पीळ सुटू लागतो आणि बी तळहातावर गोल फिरतं. पाऊस आणि ऊन यांच्या आलटून-पालटून येण्याने पीळ सुटत-आवळत जातो, बी मुरमाच्या भेगेत घुसतं आणि मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. हेच कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतं, म्हणून बी पिकलं की मेंढपाळ कुसळीचा माळ टाळतात आणि कुसळं गळल्यावर पुन्हा येतात. चराईची तुमची नोंद ऑक्टोबरातली आहे की जानेवारीतली, यावर अर्थ असा बदलतो.

पायांत जाड मोजे आणि गुडघ्यापर्यंत पट्ट्या बांधा. फुरसं मुरमात अगदी मिसळून जातं, तेव्हा चौकट ठेवण्याआधी काठीने गवत बाजूला करा.

खुणा: ठसे आणि विष्ठा

मुरमावर ठसा उमटत नाही. ओढ्याची वाळू, गाडीवाटेचा फुफाटा आणि पाणवठ्याचा काठ इथे शोधा. ठसे हवेच असतील तर चाळलेली माती वाटेवर एक सेंटिमीटर जाडीने पसरा, संध्याकाळी सपाट करा आणि ऊन चढायच्या आत बघा.

लांडगा आणि गावकुत्रा एका ठशावरून वेगळे करता येत नाहीत. कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाका. किमान पंधरा-वीस ठशांचा माग पाहा. लांडग्याचा माग लांबवर सरळ जातो, मागचा पाय बहुधा पुढच्याच्या ठशात पडतो. कुत्रं वास घेत भरकटतं. तरसाचं काम सोपं आहे: पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा. फोटो सरळ वरून घ्या आणि शेजारी पट्टी ठेवा. नाणं किंवा चप्पल चालणार नाही.

विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे असतील तर मोठा श्वानवर्गीय असू शकतो. किड्यांचे पंख, बोराच्या बिया आणि आकाराने लहान असेल तर खोकड असण्याची शक्यता. वाळून पांढरीफटक झालेली, हाडांच्या चुन्याने भरलेली विष्ठा तरसाची. उघड्या हाताने स्पर्श करू नका, हुंगू नका. श्वानवर्गीयांच्या विष्ठेत एकायनोकॉकस या फीतकृमीची अंडी असू शकतात आणि माणसाच्या यकृतात त्यांच्या गाठी होतात. गोळा करण्याची लेखी परवानगी असेल तर हातमोजे घालून कागदी पाकिटात भरा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते आणि नमुना वाया जातो. पाकिटावर तारीख, अक्षांश-रेखांश आणि गोळा करणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहा, शाई पसरते.

स्वयंचलित कॅमेरे

चार कॅमेरे पुरतात. झाड नसल्याने लोखंडी खुंटी ठोका किंवा दगडांचा ढिगारा रचा. उंची ४० ते ५० सेंमी, वाटेपासून दोन-तीन मीटर, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम ठेवला तर सकाळ-संध्याकाळचे फोटो उन्हाने करपतात. समोरचं गवत कॅमेऱ्याच्या टप्प्यापुरतं कापा, नाहीतर वाऱ्यावर डोलणाऱ्या पात्यांचे हजारो फोटो येऊन कार्ड एका दिवसात भरतं. कापताना आधी घरटं नाही ना ते पाहा.

हे कॅमेरे शरीर आणि परिसर यांच्या तापमानातल्या फरकावर चालतात. एप्रिल-मेच्या दुपारी जमीन तापलेली असते, फरक उरत नाही, आणि समोरून गेलेला प्राणीही टिपला जात नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारच्या रिकाम्या कार्डावरून 'प्राणी नाहीत' असा निष्कर्ष काढू नका. तारीख-वेळ लावली का ते दोघांनी तपासा, आणि पहिल्या फोटोत कॅमेऱ्याचा क्रमांक लिहिलेली पाटी धरा.

लांडग्याला वाघासारखे पट्टे नाहीत, त्यामुळे फोटोंवरून लांडगे मोजता येत नाहीत. चाळीस फोटो म्हणजे चाळीस लांडगे नव्हेत. एकच टोळी रोज त्याच वाटेने जात असेल. माणसांचे फोटो पुसून टाका, आणि कॅमेरे कुठे लावलेत हे गावात आधीच सांगून ठेवा. चोऱ्या बहुतेक वेळा संशयापोटी होतात.

जिथे थांबायचं

लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यात होतात. बीळ सापडलं तर तिथूनच मागे फिरा. वास लागला की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि त्या धावपळीत पिल्लं दगावतात. बिळाचे अक्षांश-रेखांश कोणत्याही समूहावर किंवा अॅपवर टाकू नका. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अॅपवर काही जातींची जागा आपोआप धूसर होते, सगळ्यांची होत नाही, तेव्हा ती सोय स्वतः लावा. भोवत्या हिवाळ्यात संध्याकाळी गवतात जमिनीवरच गटाने रात्र काढतात. अंधार पडताना त्या भागातून चालू नका, गाडीही नेऊ नका. टिटवी, पखुर्डी आणि चंडोलांची अंडी उघड्यावर असतात. त्यांच्यासाठी वाट सोडून गेलेली एक दुचाकीसुद्धा पुरेशी घातक आहे. नुसतेच प्राणी पाहायचे असतील तर कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथली वनविभागाची गवताळ सफारी करा, अभ्यासाच्या माळावर पाहुणे आणू नका.

आपलं कुत्रं कधीही बरोबर नेऊ नका. रेबीज आणि डिस्टेंपर कुत्र्यांकडून लांडग्यांत जातात, आणि पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे.

वर्षानंतर हाती काय घ्यायचं

नोंदी झाल्या की कामाची यादी आपोआप पुढे येते, आणि ती बहुधा झाडांची नसते.

पहिलं काम शेततळ्यांचं. प्लॅस्टिक कागदाच्या गुळगुळीत उतारावरून पाण्याला आलेला प्राणी वर चढू शकत नाही. चारही बाजूंना काथ्याच्या दोरीची गाठी मारलेली जाळी काठावरच्या खुंटीपासून तळापर्यंत सोडा. कागद फाटत नाही, म्हणून शेतकरीही हरकत घेत नाहीत. कठडा नसलेल्या विहिरींना दगडी कठडा बांधा. मेलेल्या कोंबड्या माळावर टाकणारी कुक्कुटपालन केंद्रं असतील तर त्या खड्ड्यात पुरण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीमार्फत लावून घ्या, कारण त्याच ढिगांवर कुत्र्यांची संख्या पोसली जाते. गावातल्या कुत्र्यांना रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस द्या.

वेडी बाभूळ काढायची तर जमिनीलगत तोडून उपयोग नाही, तिला दुप्पट फुटवे येतात. बुंध्याभोवती वीतभर खोल खणून मुळाच्या वरच्या गड्ड्यासकट उपटा. गाजर गवत फुलायच्या आत ओलसर जमिनीतून मुळासकट काढा.

गवत खरोखर विरळ असेल, म्हणजे चौकटींत उघडा मुरूम सातत्याने जास्त भरत असेल, तर आधी एक पावसाळा फक्त चराई थांबवून पाहा. सगळा माळ एकदम बंद केलात तर गुरं दुसऱ्या माळावर तुटून पडतील. चौथा हिस्सा मेंढपाळांबरोबर बसून ठरवा आणि दरवर्षी तो बदला. मातीत ठोंबांची मुळं आणि बी शिल्लक असेल तर एवढ्यानेच गवत परत येतं. नाहीच आलं तर त्याच तालुक्यातल्या माळावरून मारवेल-पवन्याचं बी गोळा करा. ताजं बी नीट उगवत नाही, काही महिने कोरड्या गोणीत ठेवलेलं जूनमध्ये उगवतं. ओलसर माती आणि शेणखतात कालवून हेक्टरी ५ ते ६ किलो, पहिल्या पावसाच्या तोंडावर, एक सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. नांगरू नका. नांगराने जुने ठोंब मरतात आणि गाजर गवताला जागा मिळते.

नोंदवहीच्या दोन प्रती काढा. एक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या आणि लोकजैवविविधता नोंदवहीत तिची नोंद झाली का ते स्वतः पाहा. दुसरी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पोचपावती घेऊन द्या, सोबत नकाशा जोडा: कुठे बहुवार्षिक गवत आहे, कुठे चिंकारा दिसतो, कुठे खड्डे किंवा चर खणू नयेत. हे सगळं डिसेंबर-जानेवारीत पोहोचलं पाहिजे. पावसाळी लागवडीचे खड्डे उन्हाळ्यातच खणले जातात, आणि एकदा मुरूम वर आला की त्या जागेचं गवत वर्षानुवर्षं परतत नाही.